फुकटचा ब्रेक

१

आमच्या कामाला माझी बायको 'उंटावरून शेळ्या हाकणं' म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही. शहरभर आपल्या आपण चालणाऱ्या गाड्या फिरतात, आणि आम्ही चौदा जण तिसऱ्या मजल्यावर, पडदे ओढलेल्या खोलीत बसून त्यांनी कुठे उगाच ब्रेक मारला ते पाहतो. गाडी अचानक थांबते, आतल्या माणसाच्या शर्टावर कॉफी सांडते, तो तक्रार करतो, की तेवढा तुकडा आमच्याकडे येतो. थांबण्याआधीचे सहा सेकंद आणि नंतरचे सहा सेकंद. या प्रकाराला आम्ही 'फुकटचा ब्रेक' म्हणतो. तुकडा पाहायचा आणि खालच्या दोन बटणांपैकी एक दाबायचं: 'आहे' किंवा 'काही नाही'.

'आहे' दाबलं तर पुढे अकरा प्रश्न येतात. काय आहे, किती उंच आहे, हलतंय का, तोंड कुठल्या बाजूला. 'काही नाही' दाबलं की थेट पुढचा तुकडा. दिवसाचा कोटा पाचशेचा. आता माणूस कुठलं बटण जास्त दाबेल हे सांगायला ज्योतिषी नको. आमचा सुपरवायझर, ज्याला आम्ही 'घड्याळ' म्हणतो, खुर्च्यांमागून फिरत असतो आणि कुणी जरा रेंगाळला की म्हणतो, "सिनेमा लागलाय का? चाळीस सेकंद झाले."

आम्ही 'काही नाही' म्हटलेली गोष्ट गाड्या लक्षात ठेवतात. पुढच्या वेळी त्या जागी तसलंच काही दिसलं तर थांबत नाहीत. उडणारी पिशवी, झाडाची सावली, गटारातून निघणारी वाफ. नऊ वर्षांत अशा किती गोष्टी मी मोडीत काढल्या असतील, मोजलेलं नाही.

२

माझ्या शेजारच्या खुर्चीत ताई बसायची. पन्नाशीची, सगळ्या ऑफिसची ताई. घरी ती आणि तिची आई, दोघीच. डब्यातलं अर्धं आम्हाला वाटून टाकायची आणि मग चार वाजता भूक लागली म्हणून आमच्याच नावानं ओरडायची.

आमच्यात एक रीत होती. कुणाला लवकर निघायचं असलं तर शेजाऱ्यानं त्याच्या खुर्चीत बसून, त्याच्याच नंबरावर, उरलेले तुकडे उरकायचे. नियमात बसत नव्हतं. पण कोटा पूर्ण होत असल्यामुळे घड्याळही कानाडोळा करायचं. त्या दिवशी ताईच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

"अरे, साडेतीनशे झालेत माझे. दीडशे उरलेत. बघशील का?"

"ताई, तू नीघ. आईंना एकटं ठेवू नकोस."

"तुझे राहतील ना पण."

"माझं मी बघतो गं. जा."

मी तिच्या खुर्चीत बसलो. शंभर-सव्वाशे तुकडे होऊन गेले असतील, तेव्हा तो आला. लॉन्ड्रीच्या मागच्या भिंतीचं वळण, सकाळचं तिरपं ऊन. गाडी सावकाश वळते आणि थांबते. भिंतीच्या कडेला, गटाराच्या जाळीपाशी, करडं, बुटकं काहीतरी. गोणी असावी. मी तुकडा मागे नेला, पुन्हा पुढे आणला. अगदी शेवटच्या सेकंदाला त्या गोणीच्या डाव्या अंगाला निळं काहीतरी हललं. मनगटापर्यंतचा रबरी हातमोजा.

मी काय केलं ते सरळच लिहितो. हातमोजा मला दिसला होता. पण 'आहे' म्हटलं असतं तर अकरा प्रश्न आले असते, पाच वाजायला वीस मिनिटं होती आणि माझ्या स्वतःच्या खुर्चीवर माझे साठ तुकडे पडून होते. वाऱ्यानं हलला असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि 'काही नाही' दाबलं.

अकरा दिवसांनी त्याच वळणावर गटाराच्या जाळ्या साफ करणारी बाई गाडीखाली आली. उकिडवी बसून काम करत होती. गाडी थांबली नाही. दुपारपर्यंत ती गेल्याची बातमी आली.

३

आमच्याकडे तुकडे आठ दिवसांनी पुसले जातात. राहते फक्त नोंद: जागा, तारीख, बटण, आणि दाबणाऱ्याचा नंबर. नंबर ताईचा होता. येत्या गुरुवारी चौकशी ठरली. नोकरी तर जाणारच होती, वर खटला होईल असंही घड्याळ हळूच बोललं.

ताईनं मला जिन्याच्या कोपऱ्यात गाठलं. हातात रुमाल होता, त्याची तिनं पार दोरी केली होती.

"खरं सांग हं. तो लॉन्ड्रीचा तुकडा माझ्यातला होता की तुझ्यातला?"

"कुठला लॉन्ड्रीचा?"

"भिंतीचं वळण आहे बघ. ती बाई..."

"माझ्यात तसलं काही नव्हतं, ताई."

इतकं सहज तोंडातून गेलं की मलाच नवल वाटलं. तिनं रुमाल उलगडला, पुन्हा पिळला. मग मान हलवली.

"मग माझ्यातलाच असणार. मला मेलीला काही आठवतच नाही बघ. आईच्या काळजीत होते, दाबत सुटले असेन."

"होतं असं, ताई."

"आणि हे बघ, तू माझ्या जागेवर बसला होतास हे मी कुठे बोलणार नाही. एकाची गेली तर गेली, दोघांच्या पोटावर पाय कशाला?"

तिनं माझ्या दंडावर थोपटलं. धीर मी तिला द्यायचा, तर तीच मला देत होती. माझी मान वर होईना. पण खोटं कशाला बोलू, लाजेच्या खाली कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी गाडी आमच्या इमारतीच्या फाटकात थांबली.

ही गाडी कंपनीनं आम्हाला सवलतीत दिलेली, डोकं तेच, आमच्याच बटणांवर पोसलेलं. पुढच्या दोन खुर्च्यांच्या मधे तिचा पडदा आहे. भोवताली जे जे असेल ते गाडी त्यावर करड्या रंगात काढत असते: गाड्या म्हणजे खोकी, माणसं म्हणजे बिनचेहऱ्याच्या बाहुल्या. शंका आली तर थांबते आणि मालकाला विचारते. तशी ती थांबली होती, आणि पडद्यावर अक्षरं होती: 'इथे काही आहे का?'

समोर फाटक उघडं, रस्ता मोकळा. पडद्यावर मात्र फाटकाच्या डाव्या खांबापाशी एक बाहुली होती. उकिडवी बसलेली, पाठमोरी. मी 'काही नाही' दाबलं आणि गाडी निघाली. पुढचं चाक खांबाजवळून गेलं तेव्हा खालून लोखंडी जाळी वाजावी तसा 'खडक्' आवाज आला. आमच्या फाटकात जाळी नाही, सगळं काँक्रीट आहे.

ऑफिसच्या जिन्यात मला एकदम आठवलं आणि मी कठडा धरून उभा राहिलो. गाडीकडे बसलेल्या माणसाचं चित्रच नाही. उभा माणूस आहे, चालणारा आहे, सायकलवरचा आहे, छोटं मूल आहे. ती यादी मला तोंडपाठ आहे, त्यावर परीक्षा दिलीय मी. बसलेलं माणूस ती गाडी काढूच शकत नाही.

नवीन सुधारणा आली असेल, असं मी मनाला समजावलं. दुपारी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं यंत्र जोडून सगळे कॅमेरे तपासले.

"एकदम ओके आहे, साहेब. नवीन काहीच आलेलं नाही. तुम्हाला नक्की काय दिसलं?"

"एक बाहुली. बसलेली."

तो हसला. "बसलेली नसते त्यात, साहेब."

"ते मलाही माहितीय," मी म्हणालो, जरा जास्तच जोरात.

५

खाई त्याला खवखवे. शनिवारी ती पार्किंगच्या उताराच्या तोंडाशी होती. रविवारी मी गाडी काढलीच नाही. सोमवारी पार्किंगच्या आत, माझ्या जागेपासून चार पावलांवर. दर वेळी तोच प्रश्न, आणि दर वेळी मी तेच बटण दाबून चाकाखालचा तो 'खडक्' ऐकायचो. मनाचे खेळ आहेत, अपराध्याला सगळीकडे साक्षीदार दिसतात, असं मी स्वतःला बजावत होतो. त्या समजुतीवर मी मंगळवारपर्यंत तग धरला.

मंगळवारी सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामाला न्यायचं होतं. त्या पुढेच बसल्या. पिशवी मांडीवर, चष्मा नाकावर. गाडी सुरू झाली, हातभर सरकली आणि थांबली.

सासूबाईंनी मांडीवरची पिशवी सावरली. मग म्हणाल्या, "जावईबापू, त्या बाईला हॉर्न तरी द्या. कधीची बसलीय ती."

"कुठली बाई?"

"ही काय, टीव्हीतली." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"आई, ते नुसतं चित्र असतं. समोर कोणी नाहीये."

त्यांनी चष्मा वर करून समोर पाहिलं, खाली करून पडद्यावर पाहिलं, दोनदा. "हो की. समोर कोणी नाही." त्या पुढे वाकल्या. "पण मघाशी पाठमोरी होती. आता वळलीय बघा."

मी बघितलं नाही. नजर समोरच्या भिंतीवर ठेवून अंगठ्यानं बटण चाचपलं आणि दाबलं. गाडी निघाली, खालून आवाज आला.

"अहो!" सासूबाईंनी दाराची कडी घट्ट धरली. "अंगावरून नेलीत की तिच्या!"

वाटभर त्यांनी ती कडी सोडली नाही. येताना रिक्षानं आल्या. रात्री बायको मला म्हणाली, "आईला तुम्ही काय म्हणालात? तुमच्या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणतेय."

"गाडी जरा धक्के देतेय," मी म्हणालो.

"मग नीट करून घ्या ना. आणि जेवा आधी, पानातलं तसंच आहे."

त्या रात्री मी ठरवलं की गुरुवारी सगळं सांगायचं. नोकरी जाईल, जाऊ दे. ताईला तिच्या आईला घेऊन जायला दुसरं दार नाही. ठरवल्यावर बरं वाटलं आणि झोप लागली. बुधवारी ऑफिसात ताई समोरच्या बंद पडद्याकडे बघत बसली होती, आणि तिचा डावा हात मांडीवर सारखा पुढे-मागे होत होता.

६

गुरुवारी दहाला चौकशी होती, शेजारी बसणारा म्हणून मलाही बोलावलं होतं. नऊला मी पार्किंगमध्ये आलो. गाडी सुरू केली, ती जागची हलली नाही. बाहुली अगदी समोर, बंपरला खेटून. 'इथे काही आहे का?'

मी उतरलो. समोर काही नव्हतं. काँक्रीट, तेलाचा एक डाग, भिंतीवर जागेचा आकडा. परत आत बसलो तर बाहुली होती. पुन्हा उतरलो, नव्हती. तिसऱ्यांदा मला वाटलं, उभं राहून काय दिसणार? कॅमेरा खाली आहे, बंपरमध्ये. त्याला काय दिसतंय ते पाहायचं तर त्याच्यासमोर खाली बसायला हवं. विचार अगदी सरळ होता, अजूनही मला त्यात चूक सापडत नाही. मी जिथे ती दिसत होती तिथे, गाडीकडे तोंड करून, उकिडवा बसलो.

खालून गाडी फार मोठी दिसते. बंपर माझ्या छातीशी, दोन दिवे दोन बाजूंना, आणि आतून येणारी बारीक घरघर जी वर बसून कधी ऐकू आली नव्हती. मी हात खाली टेकला तर बोटांना गार लोखंड लागलं. आडव्या पट्ट्या, मधे फटी. मी खाली बघितलं नाही, वर बघितलं.

काचेवर ट्यूबलाइटचा पट्टा पडला होता. त्याच्या मागे माझी खुर्ची. खुर्चीत माझ्यासारखीच कोपरापर्यंत दुमडलेली एक बाही होती. चेहरा उजेडाच्या पट्ट्यात हरवला होता. हात सावकाश पडद्याकडे निघाला होता, अंगठा पुढे काढून. घाई नव्हती त्या हाताला, रागही नव्हता. पाच वाजायला वीस मिनिटं असताना चालतो तसा हात. दिवसातून पाचशे वेळा ती हालचाल मी केलेली आहे, ती मी ओळखणार नाही तर कोण?

"आहे!" मी ओरडलो. "आहे! मी आहे इथे!"

गाडी पुढे आली. वीतभर, फार तर दोन वीत. बंपर माझ्या गुडघ्याला टेकला आणि मला मागे ढकलून थांबला.

जिन्याच्या दारात बायको उभी होती, हातात माझा विसरलेला डबा. "अहो, काय झालं? कोणाशी बोलताय?"

खुर्ची रिकामी होती. मी काँक्रीटवर बसलेला होतो, तळहातावर आडवे वळ उठले होते.

"काही नाही," मी म्हणालो.

७

गाडी मी स्वतःच्या हातानं चालवत नेली. पाचव्या मजल्यावरच्या खोलीत शिरलो तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. लांब टेबल, पलीकडे चौकशीचे साहेब, बाजूला घड्याळ, आणि अलीकडे ताई. वाक्य तयार होतं, ओठांपर्यंत आणलेलं: तो तुकडा मी पाहिला होता. पण ताई बोलत होती, आणि साहेबांनी मला हातानंच बसायला सांगितलं.

"आता सगळं आठवलंय मला, साहेब," ताई म्हणत होती. "सकाळचं ऊन होतं, तिरपं. भिंतीपाशी गोणी पडलीय असं वाटलं मला. मी मागे नेलं, परत पुढे आणलं. आणि शेवटच्या सेकंदाला तिचा हातमोजा हलला. निळा. डाव्या हाताचा, मनगटापर्यंतचा."

साहेबांनी कागद उलटले. "हातमोज्याचा उल्लेख पोलिसांच्या कागदात कुठेच नाही."

"होता, साहेब. दिसला मला. वाऱ्यानं हलला असेल असं म्हटलं आणि दाबलं." ती थांबली. "रोज दिसते मला ती. बसच्या पुढच्या काचेतून दिसते. आधी पाठ होती, आता तोंड आहे माझ्याकडे."

तो तुकडा पुसला गेला होता. त्यात काय होतं ते जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्यानं ते बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही यांच्या शेजारी बसता. तुम्हाला काही सांगायचंय?"

ताईनंही माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण चेहरा शांत होता. आणि त्या क्षणी माझ्या छातीवरून काहीतरी उठलं. खांदे, मान, गुडघा, सगळं एकदम सैल झालं. इतके दिवस जे माझं होतं ते आता माझं राहिलं नव्हतं. ते तिनं घेतलं होतं, तपशिलासकट, सबबीसकट, आणि मला ते परत मागावंसं वाटेना. मला शरम वाटायला हवी होती. मला हलकं वाटत होतं.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

तिनं सही केली. बाहेर पॅसेजमध्ये तिनं माझा हात हातात घेतला. "सुटले रे. सांगून टाकलं की बरं वाटतं. तू नको जिवाला लावून घेऊस."

"आईंकडे कोण बघेल, ताई?"

"बघू," ती म्हणाली आणि लिफ्टकडे गेली. चालताना तिचा डावा हात पुढे-मागे होत होता, काहीतरी घासत असल्यासारखा.

परत येताना चालवणं मी गाडीवरच सोडलं. ती फाटकात थांबली नाही, उतारावर थांबली नाही, आपल्या जागेवर सरळ जाऊन लागली. पडदा स्वच्छ होता.

याला सात महिने झाले. ताईचा खटला चालू आहे, आणि मी ऑफिसात तिच्या खुर्चीकडे पाठ करून बसतो. रोज सकाळी निघण्याआधी मी बायकोला दिसणार नाही अशा बेतानं गाडीपुढे उकिडवा बसतो आणि काचेतून आत बघतो. खुर्चीत कोणी नसतं. मग आत जाऊन बसतो आणि पडद्यावर अक्षरं येण्याची वाट बघतो. या वेळी काय दाबायचं ते मी ठरवून ठेवलंय. पण त्या दिवसापासून गाडीनं मला एकदाही काही विचारलेलं नाही.